रोजचा वधस्तंभ

ख्रिस्ताच्या मागें येऊं इच्छिणाऱ्यानें स्वतःचा त्याग करावा, आपला वधस्तंभ उचलावा आणि त्याच्या मागून चालावें, हा उपदेश मत्तय, मार्क व लूक या तिघांच्याहि शुभवर्तमानांत आला आहे. तिघांच्या शब्दांत फारसा फरक नाहीं. परंतु लूकच्या नवव्या अध्यायांत 'दररोज' असा एक शब्द अधिक आहे, आणि तेवढ्या एका शब्दानें उपदेशाचें सारें स्वरूप पालटतें. वधस्तंभ एकदांच उचलावयाचा असेल तर तो शूराचा मार्ग होय. घरदार सोडलें, प्राण दिला, कीं संपलें. पण तो दररोज उचलावयाचा म्हटला म्हणजे दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून चूल पेटवावयाची, दुकान उघडावयाचें, आजाऱ्याचें औषधपाणी पाहावयाचें, आणि हें सारें करीत असतांनाच स्वतःला बाजूस सारावयाचें, असा त्याचा अर्थ होतो. ख्रिस्ती समाजाच्या इतिहासांत पहिल्या जातीच्या माणसांचीं चरित्रें भरपूर आहेत. दुसऱ्या जातीचीं माणसें त्याच चरित्रांच्या कडेला, बहुधा एखाद्या गौण वाक्यांत, सांपडतात. अशा कांहीं गौण वाक्यांकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढ्याचसाठीं आम्ही हा विषय घेतला आहे.

इजिप्त देशांतील अँटनीची कथा प्रसिद्ध आहे. इ. स. २७० च्या सुमारास, खाऊनपिऊन सुखी अशा घरांतला हा तरुण प्रार्थनामंदिरांत गेला असतां, पूर्णत्व पाहिजे असेल तर जवळचें सर्व विकून गोरगरिबांस दे, हें ख्रिस्ताचें वचन त्याच्या कानीं पडलें. तें आपल्यालाच उद्देशून आहे असें मानून त्यानें वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली. आईबाप वारले होते. घरीं एक धाकटी बहीण तेवढी उरली होती. तिच्यापुरतें थोडें धन त्यानें राखून ठेविलें होतें. परंतु उद्यांची चिंता करूं नये, हें दुसरें वचन ऐकल्यावर तेंहि त्यानें वांटून टाकलें, आणि बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन करून तो गांवाबाहेर निघून गेला. त्याचा चरित्रकार अथानेसियस यानें अँटनीच्या तपश्चर्येचें व सैतानाशीं झालेल्या त्याच्या झुंजांचें वर्णन मोठ्या रसानें केलें आहे. बहीण पुढें व्रतस्थ राहूनच वृद्ध झाली, हेंहि तो सांगतो. परंतु भाऊ निघाला त्या दिवशीं तिला काय वाटलें, हें सांगण्याचें त्याला कारण पडलें नाहीं. वाचकांनीं ही बहीण ध्यानांत ठेवावी.

अँटनीच्या मागून हजारों लोक अरण्यांत गेले, आणि कालांतरानें मठ उभे राहिले. सहाव्या शतकांत बेनेडिक्टनें आपल्या मठाचे नियम बांधतांना अंगमेहनतीला प्रार्थनेच्या जोडीनें स्थान दिलें, आणि मठांतील अवजारें व भांडींकुंडीं वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणें जपावीं असा दंडक घातला. विचार मोठा होता. परंतु तो मठाच्या भिंतीआंतच राहिला. भिंतीबाहेरचा शेतकरी तीच कुदळ चालवीत होता, पण त्याच्या कुदळीला कोणी पवित्र म्हटलें नाहीं. ईश्वराचें पाचारण संन्याशाला. इतरांनीं प्रपंच करावा आणि जमेल तेवढा दानधर्म करावा, अशी वांटणी शतकानुशतकें चालली.

ही भिंत लूथरनें पाडली. तो स्वतः मठांतून बाहेर पडलेला, आणि १५२५ सालीं त्यानें लग्न केलें तेंहि कॅथरीना फोन बोरा या मठ सोडून आलेल्या जोगिणीशीं. पाचारण या अर्थाचा 'बेरूफ' हा जर्मन शब्द त्यानें माणसाच्या नेहमींच्या कामधंद्याला लाविला, आणि आजहि जर्मन भाषेंत पोटाच्या धंद्याला हाच शब्द आहे. विवाहावरील १५२२ सालच्या निबंधांत तर, मुलाचीं बाळोतीं धुणाऱ्या बापाला लोक हंसले तरी देव त्याच्यावर प्रसन्न होतो, अशा आशयाचा मजकूर त्यानें लिहिला आहे. आमच्या वाचकांना येथें सावता माळी व गोरा कुंभार यांची आठवण होईल, आणि ती अप्रस्तुत नाहीं. परंतु भेदहि आहे. आमच्या संतांचा धंदा देवाच्या भेटीच्या आड येत नाहीं. लूथरच्या मतें तो धंदा शेजाऱ्याच्या उपयोगी पडतो, म्हणूनच ती देवाची सेवा होते. असो.

हें तत्त्व पुस्तकांत जितकें सोपें दिसतें तितकें तें घरांत सोपें राहत नाहीं. याची साक्ष ज्याच्या चरित्रांत पुरेपूर मिळते, असा एक मोची इंग्लंडांत होऊन गेला, आणि त्याचा आपल्या मराठी भाषेशींहि निकटचा संबंध आला. त्याचें नांव विल्यम केरी.

केरीचा जन्म नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांतील पॉलर्सप्युरी या खेड्यांत १७ ऑगस्ट १७६१ रोजीं झाला. बाप विणकर होता. पुढें तो त्याच गांवचा पंतोजी झाला. मुलाच्या कातडीला ऊन सोसत नसे, म्हणून शेतावरचें काम सुटलें, आणि त्याला जोडे शिवणाऱ्याच्या हाताखालीं उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें. आरी आणि चामडें यांच्या संगतींतच त्यानें लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा हस्तगत केल्या. १७८५ सालीं तो मोल्टन गांवीं राहावयास आला. तेथें तो शाळा चालवी, उपदेश करी, आणि पोट भरेना म्हणून जोडेहि शिवी. कामाच्या जागेसमोर भिंतीवर कागदाला कागद चिकटवून काढलेला जगाचा नकाशा होता, आणि प्रत्येक देशाची लोकसंख्या, धर्म इत्यादि माहिती त्यावर टिपलेली होती.

१७९२ सालीं त्यानें एक छोटें पुस्तक छापलें. परधर्मीयांत जाऊन उपदेश करणें हें ख्रिस्ती लोकांचें कर्तव्यच आहे, हा त्याचा विषय. त्या मताविषयीं वाद करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांला त्यांतील हिशेब अधिक मनोरंजक वाटतो. प्रत्येकानें आठवड्याला एक पेनी द्यावा, असें तो सुचवितो. गुलामांच्या श्रमावर पिकणारी वेस्ट इंडीजची साखर ज्या कुटुंबांनीं सोडली आहे, त्यांनीं साखरेचे वांचलेले पैसे या कामाला द्यावे, असेंहि तो म्हणतो. चहांतली साखर आणि जगाचा उद्धार एकाच वहींत मांडणारी ही वृत्ति पक्क्या प्रापंचिकाची आहे. त्याच वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं केटरिंग येथें एका विधवेच्या घरीं जमलेल्या कांहीं उपदेशकांनीं मंडळी स्थापन केली, तेव्हां १३ पौंड अडीच शिलिंग एवढीच वर्गणी कबूल झाली. हिंदुस्थानांत पाठविण्यासाठीं पहिल्या माणसांत केरीची निवड झाली.

आतां त्या गौण वाक्याकडे वळूं. केरीचें लग्न १७८१ सालीं डॉरथी प्लॅकेट हिच्याशीं झालें होतें. ती त्याच्याहून पांच-सहा वर्षांनीं वडील. लग्नाच्या वहींत सहीच्या जागीं तिनें फुली केली, कारण तिला लिहितां येत नव्हतें. दोन मुली तिनें इंग्लंडांतच गमावल्या होत्या. नवरा हिंदुस्थानांत जावयाचें म्हणतो हें कळलें तेव्हां ती गरोदर होती, आणि तिनें साफ नकार दिला. केरी थोरला मुलगा फेलिक्स याला घेऊन, तिला मागें ठेवून निघाला. परंतु कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळें, आणि सोबती डॉ. टॉमस यांच्या सावकारांचा ससेमिरा लागल्यामुळें, त्यांना पहिलें जहाज सोडावें लागलें. दुसरें जहाज मिळेपर्यंत थोडा अवकाश होता. दोघे पुन्हां घरीं आले. मूल नुकतेंच जन्मलें होतें. डॉरथीनें पुन्हां नाहीं म्हटलें. तेव्हां, आतां आली नाहींस तर जन्मभर पश्चात्ताप करशील, अशी भीति टॉमसनें तिला घातली, आणि बहीण सोबत येत असेल तर येतें, असें अखेरीस तिच्या तोंडून निघालें. घर आवरावयाला तिला एक दिवसहि धड मिळाला नाहीं. १३ जून १७९३ रोजीं डेन्मार्कच्या जहाजांतून तीं सर्व निघालीं, आणि ११ नोव्हेंबरला कलकत्त्यास पोंचलीं.

पुढील दोन वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगणेंच बरें. जवळचा पैसा लवकरच संपला. सुंदरबनाच्या कडेला कांहीं दिवस निघाले. तेथें बहिणीचें एका इंग्रज गृहस्थाशीं जमलें व ती तेथेंच राहिली. उत्तरेस मदनावती येथें निळीच्या कारखान्यावर केरीला दरमहा दोनशें रुपयांची नोकरी मिळाली. तेव्हां, आपल्याला आतां वेतन नको, तो पैसा दुसऱ्या कामीं लावा, असें त्यानें मंडळीला ताबडतोब कळविलें. याच ठिकाणीं १७९४ सालीं पांच वर्षांचा पीटर तापानें वारला. परक्या मुलाच्या प्रेताला हात लावावयास माणसें मिळेनात, कबर खणणारा मिळेना. या आघातानंतर डॉरथीचें मन जें बिघडलें तें शेवटपर्यंत ताळ्यावर आलें नाहीं. नवरा व्यभिचारी आहे या भ्रमानें ती त्याच्या मागें रस्त्यानें ओरडत जाई. दोनदां तिनें त्याच्या जिवावरहि हात टाकला. वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्याचा सल्ला पुष्कळांनीं दिला, तो केरीनें मानला नाहीं. बहुतेक काळ ती एका खोलींत कोंडलेली असे, आणि लगतच्या खोलींत तो भाषांतर करीत बसे. अशीं बारा वर्षें गेलीं. ८ डिसेंबर १८०७ रोजीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, ती सुटली.

केरीच्या भक्तांनीं या प्रकरणाला पतीच्या सहनशीलतेचा दाखला केलें आहे. ती सहनशीलता खरी होती. परंतु आम्हांस विचारावेंसें वाटतें कीं, येथें स्वतःचा त्याग कोणी केला? केरीनें जें सोडलें तें त्याचें होतें आणि त्यानें तें समजून-उमजून सोडलें. डॉरथीचें गांव, तिची भाषा, तिचे शेजारीपाजारी यांच्यावर त्याचा अधिकार कितपत होता? त्याग करावयाचा तो स्वतःचा, असें शुभवर्तमानांतील वाक्य स्पष्ट सांगतें. बायकोचा किंवा बहिणीचा त्याग करावा असें तें म्हणत नाहीं. त्या काळीं नवऱ्याबरोबर बायकोनें जाणें हाच धर्म मानला जाई, हें आम्ही जाणून आहों. पण तिनें दोनदां नाहीं म्हटलें होतें, हेंहि कागदोपत्रीं नमूद आहे.

महाराष्ट्रांतील वाचकांना याचें दुसरें टोंक लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रांत पाहावयास मिळतें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं तो घेतला १९०० सालीं, स्वतः विचार करून, स्वतःच्या मनानें ठरल्यावर. मधलीं वर्षें दोघांनाहि किती कठीण गेलीं हें त्या ग्रंथांत आहेच. पण तीं वर्षें त्यांना मिळालीं. डॉरथीला एक दिवस मिळाला होता, आणि लिहितां येत नसल्यामुळें स्वतःची हकीकत सांगण्याचें साधनहि तिच्यापाशीं नव्हतें.

१० जानेवारी १८०० रोजीं केरी श्रीरामपुरास आला. हें गांव डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालीं असल्यामुळें कंपनी सरकारचा हात तेथें पोंचत नसे. जोशुआ मार्शमन हा शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हा छापखान्यांतला माणूस, असे दोन नवे सोबती आदल्याच वर्षीं तेथें आले होते. सर्वांनीं एकत्र जेवावें, कोणींहि खाजगी धंदा करूं नये, मिळेल तें सामाईक पेटींत टाकून प्रत्येक कुटुंबानें ठरीव अल्प रक्कम घ्यावी, आणि शनिवारीं संध्याकाळीं एकत्र बसून आठवड्यांतले आपसांतले रुसवेफुगवे मिटवावे, असे नियम त्यांनीं केले. हा शनिवारचा नियम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. उपदेशाला निघालेले लोक आपसांत भांडतातच, हें आधींच गृहीत धरून त्यांनीं त्याला वार नेमून दिला. १८०१ सालीं केरीला फोर्ट विल्यम कॉलेजांत पांचशें रुपये दरमहावर नेमण्यांत आलें, आणि पुढें तें वेतन हजारावर गेलें. त्यांतला फार थोडा भाग स्वतःच्या खर्चापुरता ठेवून बाकीचा तो पेटींत टाकी.

या सामाईक घराचें ओझें कोणावर होतें? हॅना मार्शमन या बाईवर. मे १८०० मध्यें तिनें व तिच्या नवऱ्यानें वसतिगृहासह शाळा काढली, आणि त्या शाळेचें उत्पन्न हा श्रीरामपूरच्या खर्चाचा मोठा आधार झाला. स्वतःचीं मुलें, शाळेंतलीं मुलें, येणारेजाणारे, आजारी, आणि केरीचीं आईवांचून उनाड झालेलीं मुलें, हीं सारीं तिच्या पंक्तीला होतीं. केरीचा स्वभाव मुलांना धाक लावण्याचा नव्हता. त्या मुलांना वळण लागलें तें तिच्या व वॉर्डच्या हातून. तिच्या नांवावर भाषांतर नाहीं, व्याकरण नाहीं. मात्र व्याकरणें व भाषांतरें करणारे वेळेवर जेवले ते तिच्यामुळें.

त्या व्याकरणांत आपलें मराठीहि आहे. फोर्ट विल्यम कॉलेजांत केरीकडे बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठी शिकविण्याचेंहि काम आलें. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यानें १८०५ सालीं मराठीचें इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केलें, आणि १८१० सालीं कोश काढला. कोशांतले मराठी शब्द मोडी खिळ्यांनीं छापलेले आहेत. या पुस्तकांतल्या मराठीला आज कोणी हंसेल. पण १८०५ सालचें तें व्याकरण लिहिलें जात असतां शेजारच्या खोलींतून कोणते आवाज येत होते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे तीं पानें निराळींच वाटूं लागतात. आम्हांपुरतें सांगावयाचें तर, त्यांतील विभक्तींचे तक्ते आम्हांला केरीच्या कोणत्याहि प्रवचनापेक्षां अधिक हलवून जातात, आणि त्याबरोबरच अस्वस्थहि करतात.

विलायतेंतील विद्वानांना या मोच्यांचें हंसूं येत असे. सिडनी स्मिथ या विनोदी पाद्र्यानें 'एडिंबरो रिव्ह्यू' मध्यें १८०८-०९ च्या सुमारास त्यांच्या धंद्यावरूनच त्यांची टर उडविली. केरीविषयीं अशीहि आख्यायिका आहे कीं, एका मेजवानींत कोणा लष्करी अंमलदारानें, हा पूर्वी जोडे बनवीत असे ना, असें त्याला ऐकूं जाईल असें विचारलें. तेव्हां, बनवीत नव्हतों, नुसते दुरुस्त करीत होतों, असें केरीनें उत्तर दिलें. आपल्या अंगीं कांहीं गुण असेल तर तो नेटानें रेटीत राहण्याचा, असें तो पुतण्याला सांगत असे. आम्हांलाहि त्याच्या बुद्धीपेक्षां हा गुण मोठा वाटतो.

त्या गुणाची कसोटी ११ मार्च १८१२ च्या रात्रीं लागली. छापखान्याला आग लागली. कागदाचा साठा, अनेक लिपींचे खिळे आणि हस्तलिखितें जळालीं. संस्कृतच्या आधारें चाललेला अनेक भाषांचा कोश हा त्याचा वर्षानुवर्षांचा उद्योग होता, तोहि त्यांत गेला. नुकसान सुमारें दहा हजार पौंडांचें धरण्यांत आलें. केरी त्या रात्रीं कलकत्त्यास होता. सकाळीं मार्शमननें जाऊन बातमी सांगितली. राख उपसतांना खिळे पाडण्याचे ठसे व साचे मात्र शाबूत सांपडले. त्यांतून कारागिरांनीं लगेच नवे खिळे ओतावयास घेतले. केरीनेंहि गेलेलीं व्याकरणें पुन्हां पहिल्या पानापासून लिहावयास घेतलीं. विलायतेंत या आगीचा बोभाटा झाला, आणि दोन महिन्यांत नुकसानीएवढी रक्कम जमली. आगीनें केरीला प्रसिद्धि दिली. रोजच्या कामानें ती कधींच दिली नव्हती.

सतीच्या चालीविरुद्ध तो अनेक वर्षें आंकडे गोळा करीत होता. ४ डिसेंबर १८२९ चा बेंटिंकचा कायदा बंगालींत भाषांतर करण्यासाठीं त्याच्याकडे आला, तेव्हां रविवारची सकाळ होती आणि तो प्रवचनाला निघण्याच्या तयारींत होता. प्रवचन दुसऱ्याकडे सोंपवून तो पंडिताला घेऊन भाषांतरास बसला, कारण तासाभराच्या उशिरानेंहि एखाद्या विधवेचा जीव जाण्यासारखा होता. बाप्तिस्त पंथाच्या माणसानें रविवार मोडला हें लहान काम नव्हे. संध्याकाळपर्यंत भाषांतर तयार झालें.

शेवटचीं वर्षें कटकटींचीं गेलीं. इंग्लंडांतील मंडळीचे जुने मित्र एकामागून एक वारले, नव्या चालकांना श्रीरामपूरच्या मालमत्तेचा हिशेब हवा होता, तरुण मिशनऱ्यांना म्हाताऱ्यांचा कारभार पसंत नव्हता, आणि १८२७ सालीं दोहोंची फारकत झाली. आयुष्यभर सामाईक पेटींत पैसे टाकणाऱ्यांवर पैशाचा संशय घेतला गेला. वॉर्ड १८२३ मध्यें वारला. केरी ९ जून १८३४ रोजीं, आणि मार्शमन १८३७ मध्यें. हॅना सर्वांच्या मागें १८४७ पर्यंत जगली.

केरीचें मृत्युपत्र उपलब्ध आहे. श्रीरामपूरच्या इमारतींवर आपला कोणताहि हक्क नाहीं असें तो त्यांत लिहितो. मुलगा जॅबेझ याला पंधराशें रुपये देण्यासाठीं त्याला स्वतःचा ग्रंथसंग्रह विकावयास सांगावा लागला. आपल्याला दुसरी पत्नी शार्लट एमिलिया हिच्या शेजारीं पुरावें, आणि तिच्यासाठीं बसविलेल्या दगडावरच आपलें नांव कोरावें, अशी इच्छा त्यानें नमूद केली आहे. शार्लट ही डेन्मार्ककडील कुलीन घराण्यांतली, शरीरानें अधू, परंतु भाषांची जाणकार बाई. तिच्यासह त्याची तेरा वर्षें फार सुखाचीं गेलीं होतीं. त्या वाक्यांत डॉरथीचें नांव नाहीं.